मोहाखालची मजुरी

मोहाडीहून भंडाऱ्याला येणाऱ्या एस.टी.त परवा माझ्या मागच्या सीटखाली कुणीतरी पोतं सरकवलं. गाडी सुटली, खिडक्यांतून गरम वारा आत आला आणि त्याच्यासोबत वास आला. गोड, जड, जरासा आंबूस. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवून पोत्याकडे पाहिलं आणि कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखा तो हसला. मोहाचं फूल पडायला लागलं होतं. होळी होऊन गेली होती, पळस उतरणीला लागला होता, आणि जिल्ह्यात जिथे जिथे जंगल उरलं आहे तिथल्या बाया आता पहाटे टोपल्या घेऊन निघत असणार.

महिन्याभरापूर्वीच संस्थेचा संदेश आला होता. दर वर्षी मोहाच्या हंगामाआधी येतो. जंगलातली आग थांबवण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत, टोपी, पाण्याची बाटली आणि स्वतःचा डबा आणावा, मानधन नाही. शेवटी एक ओळ आहे, जी इतर कुठल्याच संस्थेच्या संदेशात मी पाहिलेली नाही : ज्यांचं झाड आहे त्यांना विचारल्याशिवाय कोणीही मोहाखाली फडा मारू नये. नवीन मुलं ती वाचून चक्रावतात. जंगलातल्या झाडाला मालक कुठून आला, आणि आपण झाडूनं केर काढतो तर त्यात विचारायचं काय, असं ग्रुपवर एकानं लिहिलंही. कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. उत्तर लांब होतं, आणि ते मोबाइलवर मावणारं नव्हतं.

भंडारा जिल्ह्यात फुकट काम करायला जागा कमी नाहीत. तलावातली बेशरमची झुडपं उपटायला माणसं लागतात. धानाच्या बांधीत सारसानं घरटं केलं की राखणीला लागतात. गणपती बुडाले की पवनीच्या घाटावर लाकडी सांगाडे ओढून काढायला लागतात. मी यातलं बरंच केलं आहे आणि बहुतेक आनंदानं केलं आहे. पण प्रत्येक वेळी आजूबाजूला पाहते, कोण आलं आहे ते. शिक्षकांची मुलं, बँकेतले, कॉलेजातले, एखादा निवृत्त साहेब. ज्याचा रविवार त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे, तोच येऊ शकतो. ज्याला रविवारीही कामावर जावं लागतं त्याच्यावर आपण नंतर लेख लिहितो, की लोकसहभाग कमी पडला. हे मी चिडून लिहीत नाही. पूर्वी चिडायचे. आता नुसतं पाहते.

चिडणं घरातून आलं होतं. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या अंगाला आमचं घर. रात्रंदिवस ट्रक जातात, भांडी मांडणीत हलकी थरथरतात. बाबा एस.टी.त कंडक्टर होते आणि त्यांच्या पिशवीत तिकिटांइतकीच पत्रकं असायची. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या हलक्या कागदावर छापलेली. काही त्यांनी स्वतः लिहिलेली, काही नागपूरला दसऱ्याच्या गर्दीत घेतलेली. सुटीच्या दुपारी मी आणि भाऊ त्यांच्या घड्या घालायचो. बोटांना शाई लागायची आणि पोळीला त्या शाईचा वास यायचा. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्या कागदांवर वाचायला शिकले. ‘मोबदल्याशिवाय काम मागणारा हात कितीही जोडलेला असो, तो झटकून टाका.’ हे वाक्य कुठल्या पत्रकातलं ते आठवत नाही. बाबांचंच असावं, कारण त्यांच्या बोलण्याला अशीच धार होती.

त्या वाक्यामागे माझे आजोबा होते. गावकीचं काम त्यांच्या वाट्याला जन्मानं आलेलं. कुणाचं ढोर मेलं, कुणाला सांगावा धाडायचा, कुणाचं अंगण झाडायचं. हाक आली की जायचं, आणि घरी येताना हातात शिळ्या भाकरीचा तुकडा. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि गावात परतल्यावर सगळ्यात आधी फडा टाकला. नंतर ते आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले, पण ठरवून, सांगून, मजुरी घेऊन. आमच्या घरात ही गोष्ट कुणी रंगवून सांगत नसे. ती भिंतीसारखी होती, तिला टेकूनच आम्ही मोठे झालो.

त्यामुळे काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा जंगल झाडायला जाणार आहे असं सांगितलं, तेव्हा बाबा तिकिटांचं मशीन पुसत होते ते थांबले.

“फडा घेऊन जाते? अन् फुकट?”

मी म्हटलं, श्रमदान आहे, बाबा. ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता.

“दान तो करते, ज्याच्यापाशी जास्तीचं असते. माह्या बापाचं श्रम दानातच गेलं. त्याले कोनी स्वयंसेवक नाई म्हनलं.”

पण मी गेले. कारण आदल्या उन्हाळ्यात मी जळालेल्या जंगलातून चालले होते. बुटांखाली राख, वर काळे बुंधे आणि त्या राखेत घोरपडीचं पिल्लू, शेपटीपासून नखांपर्यंत जसंच्या तसं. बोट लावलं तर त्याची पूड झाली. काही गोष्टींवर पत्रकात लिहिलेलं नसतं.

आग कशी लागते ते संस्थेत शिकवलं होतं. मोहाची फुलं रात्री गळायला लागतात आणि सकाळी ऊन चढेपर्यंत पडत राहतात. फिकट, मांसल, बोराएवढी. त्याच सुमाराला झाडांची पानंही गळून खाली थर झालेला असतो. पाल्यात फूल दिसत नाही. म्हणून हंगामाआधी लोक झाडाखाली काडी लावतात. पाला जळतो, जमीन काळी होते आणि त्या काळ्या जमिनीवर फुलं चांदण्यांसारखी दिसतात. वारा असला की ती आग झाडाखाली थांबत नाही. संस्थेचा उपाय साधा होता : आपणच जाऊन फड्यानं पाला बाजूला करायचा, म्हणजे काडी लावायचं कारणच उरणार नाही.

संस्था चालवायचे गभणे सर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उंच, कायम घाईत, मनानं सरळ. त्यांनी मोहाडीच्या पलीकडचं, जंगलाला चिकटलेलं एक गाव निवडलं. त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. सरांनी तिथे आधी सभा घेतली होती. भर दुपारी, वनखात्याच्या जीपमधून जाऊन. दहा-बारा पुरुष आले, प्रत्येक गोष्टीला ‘होय जी’ म्हणाले. बाया लाखोळी काढायला शेतात गेल्या होत्या. मोह वेचणाऱ्या मात्र बायाच.

मग आम्ही गेलो, मोहाडीपर्यंत आपापल्या भाड्यानं एस.टी.त, पुढे वनखात्याच्या जीपमधून, सोबत खाकीतला एक गार्ड. त्या दोन दिवसांची आठवण आजही अंगात आहे, तळहातांत, पाठीत. सिंदीचा फडा जमिनीवरून ओढला की होणारा खरखराट, आणि एकाच वेळी अनेक फडे चालले की सगळं रान कुणीतरी हळूहळू किसतंय असा आवाज. पाल्याखालून निघणारी ओली, थंड माती. विंचू. गेल्या वर्षीच्या कोळशाचे तुकडे. झाडाची सावली जिथवर पोचते तिथवर गोल साफ करायचा आणि पाला खड्ड्यात लोटायचा. नाल्याच्या काठी दोन मोह शेजारी शेजारी होते, एक थोरला आणि एक वाकडा. ते माझ्या वाट्याला आले. थोरल्याच्या मुळात बसायला खोबण होती, तिथे बसून मी डबा खाल्ला. पलीकडे प्रणय झाडत होता. भंडाऱ्याचा मुलगा, इंजिनिअरिंगला, कामाला वाघ आणि प्रत्येक झाडाचा आधीचा-नंतरचा फोटो काढणारा. आमच्याकडे पाहत दोनचार बाया नाल्याच्या पलीकडून गेल्या. एकीनं दुसरीला काहीतरी सांगितलं. आम्ही हात हलवले. त्यांनी नाही हलवले.

मला तेव्हा बरं वाटत होतं, हे कबूल करायला हरकत नाही. आजोबांनी टाकलेला फडा मी आपल्या मर्जीनं उचलला आहे, आणि मर्जी असली की त्याच वस्तूचं वजन बदलतं, असं काहीतरी मी मनात रचत होते. सुंदर वाक्य होतं. त्यात गावातलं कुणीच नव्हतं.

फुलं पडायला लागल्याची बातमी आली तेव्हा आम्ही परत गेलो. पहाटे पोचलो. आणि ते दृश्य मी अजूनही विसरले नाही. रानात ठिकठिकाणी स्वच्छ गोल, आणि प्रत्येक गोलात फुलांचा थर. कालची पडलेली फुलं तांबूस होऊन चिकटलेली, त्यांच्यावर आजची ताजी, पिवळसर पांढरी. वासानं डोकं जड होत होतं. एका गोलात चितळांचा माणसाळल्यासारखा कळप चरत होता. दुसऱ्यात माकडं. वरून टप टप फुलं पडत होती आणि माणूस एकही नव्हता. टोपली नाही, खोकला नाही, हाक नाही. धूरही नव्हता. गभणे सरांचे डोळे भरून आले. एक काडीसुद्धा नाही पेटली, ते म्हणाले. प्रणयनं फोटो काढले.

मी विचारलं, पण लोक कुठे आहेत? सर म्हणाले, येतील.

एक आली. नाल्याच्या बाजूनं, डोक्यावर रिकामी टोपली, कमरेला पदर खोचलेला. चाळिशीची असेल. ती थोरल्या मोहापाशी आली आणि गोलाच्या कडेला, पाला जिथे सुरू होतो तिथे, थांबली. आत पाऊल टाकलं नाही. घराच्या उंबऱ्याबाहेर थांबावं तशी थांबली. आम्ही नमस्कार केला. तिनं टोपली खाली ठेवली आणि मला विचारलं, “तुमी कदी वेचता जी?”

मला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “तुमचं वेचून झालं का आमाले सांगा. उरलंसुरलं आमी घेतो. असं सडवू नोका. पाहून जीव तुटते.”

तिचं नाव शेवंताबाई. तिथेच, कडेला उभं राहून, तिनं जे सांगितलं ते ऐकताना सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. त्या गावात मोहाची झाडं घराघराला लागलेली आहेत. कागदावर नाहीत, पण पिढ्यांपासून आहेत. आणि हंगामाआधी जो झाडाखालची जागा साफ करतो, त्या हंगामाचं फूल त्याचं. दर वर्षी ज्याचा तो येऊन आपल्या झाडाखाली काडी लावतो. तो काळा गोल म्हणजे नुसती सफाई नव्हती, तो हक्क होता. यंदा पोलिसासारखे कपडे घातलेल्या गार्डसोबत जीपमधून माणसं आली, त्यांनी एकूण एक झाड साफ केलं आणि निघून गेली. गावानं अर्थ लावला : जंगलखात्यानं यंदाचा मोह संस्थेला देऊन टाकला. कुणाशी भांडायचं? लोक आपापल्या घरी बसले आणि संस्थेवाले वेचायला कधी येतात याची वाट पाहू लागले.

आम्ही त्यांच्या येण्याची वाट पाहत होतो, ते आमच्या. मधे चितळं जेवत होती.

ही चूक कुणाची, याच्यात मला आता फार रस नाही. ज्यांनी विचारलं नाही त्यांची, आणि ज्यांनी सांगितलं नाही त्यांचीही. न सांगण्यामागे काय असतं हे मला घरूनच माहीत होतं. ज्याच्या दारात नेहमी सरकार फक्त काहीतरी काढून न्यायला आलं आहे, तो जीप पाहून प्रश्न विचारत नाही. पण गावाची ती पद्धतही मला पूर्णपणे गोड वाटली नाही. बौद्ध वस्तीतल्या घरांना किती आणि कुठली झाडं आहेत, असं मी पुढे विचारलं. कमी होती, आणि लांबची होती. रीतही मोकळ्या हातानं वाटत नाही.

सरांनी मात्र वेळ घालवला नाही. ते तडक गावात गेले, दारोदार हिंडले, हात जोडून सांगितलं की फूल तुमचं आहे, आम्ही फक्त पाला काढला. अर्ध्या तासात रान माणसांनी भरलं. टोपल्या, पोरं, कुत्री, हाका. ‘यडेच लोक हायेत बापा, फुकटात झाडून गेले,’ असं एक आजी मोठ्यानं म्हणाली आणि सगळे हसले, आम्हीसुद्धा. इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती कधीच विसरले असते.

शेवंताबाई मात्र हसत नव्हती. तिच्या दोन झाडांखाली, म्हणजे मी साफ केलेल्या त्याच थोरल्या आणि वाकड्या मोहाखाली, तिचा थोरला दीर लक्ष्मण येऊन उभा राहिला होता, हातात स्वतःचा फडा. तो वाईट माणूस वाटत नव्हता, थकलेला वाटत होता. त्याचं म्हणणं त्यानं शांतपणे मांडलं. ही झाडं त्याच्या आईची. तिनं मरण्याआधी ती धाकट्या सुनेला, म्हणजे शेवंताला दिली, कारण तीच तिच्यासोबत वेचायला जायची. तेव्हापासून दर वर्षी शेवंता साफ करत आली म्हणून तो गप्प होता. यंदा तिनं साफ केलं नाही. संस्थेनं केलं, संस्थेनं सोडलं. साखळी तुटली. आता ज्याचा फडा आधी लागेल त्याचं झाड, यंदाही आणि पुढेही.

शेवंताबाईचा नवरा नागपूरला बांधकामावर. वर्षातून दोनदा येतो. घर दिराच्या नावावर, शेत दिराच्या नावावर. त्या गावात तिचं म्हणावं असं जे काही होतं, ते या दोन झाडांखाली पडत होतं.

दुपार कलल्यावर त्याच दोन झाडांशेजारी बैठक बसली. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या. मधे सोमाजी, गावात तंटा झाला की ज्यांना बोलावतात ते, बहिरेपणा सोयीप्रमाणे वापरणारे म्हातारे. त्यांनी विचारलं, इथलं कोनं साफ केलं? मी हात वर केला.

“कोनाच्या सांगन्यावरून?”

कुणाच्याच नाही, मी म्हटलं.

“मजुरी भेटली?”

नाही. जेवण? डबा आणला होता. गाडीभाडं? स्वतःचं. प्रत्येक उत्तराला बायांच्या बाजूनं हलकी कुजबुज होत होती, एखादा लाजिरवाणा आजार सांगावा तशी.

“मंग कोनासाठी केलं, पोरी?”

मी म्हणाले, जंगलासाठी.

“जंगलानं बलावलं होतं?”

सगळी बैठक हसली. प्रणयही हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न थट्टेचा असला तरी बाबांचाच होता. तो मला शहापूरपासून इथवर गाठत आला होता.

सोमाजींनी मग निवाडा नाही, फक्त रीत सांगितली. फुकट साफ केलं तर हक्क साफ करणाऱ्याचा. या पोरीनं सोडला तर झाड मोकळं, लक्ष्मण म्हणतो ते बरोबर. पण कुणी मजुरीनं साफ केलं असेल, तर हात कुणाचाही असो, साफ करणं मजुरी देणाऱ्याचं. आणि मोहाची मजुरी काही आगाऊ देत नाहीत, फूल पडल्यावर फुलातच देतात. हंगाम अजून सुरू आहे.

लक्ष्मण उठला. तिनं हिला बोलावलंच नव्हतं, तो म्हणाला, हे सगळ्यांना माहीत आहे.

“बलावलं का नाई, हे मी पुसतच नाई,” सोमाजी म्हणाले. “शेवंता मजुरी देते का अन् हे पोरगी घेते का, येवढंच पुसून राहिलो.”

मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि कुणी मला खोटं बोलायला सांगतही नव्हतं. फक्त घ्यायचं होतं. ते जास्त कठीण होतं. गभणे सरांनी मला बाजूला घेतलं. ते अस्वस्थ होते. आपण कुणाकडून काही घेत नाही, ते म्हणाले. त्याच्यावरच आपली सगळी पत आहे. आज फुलं घेतली, उद्या लोक म्हणतील, हे मोहासाठीच येतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आणि मला त्याहून वेगळी अडचण होती. जिच्याकडे सर्वांत कमी आहे तिच्या टोपलीतून मी घ्यायचं, हे मी वाचलेल्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं. पण मोबदल्याशिवाय केलेलं काम कुणाचं काय करू शकतं, तेही समोर दिसत होतं. माझ्या चांगुलपणानं एका बाईची झाडं मोकळी झाली होती. तो चांगुलपणा आता उतरवून ठेवायचा होता, सगळ्यांसमोर.

मी शेवंताबाईजवळ गेले आणि हळूच म्हटलं, मी घेते, नंतर तुम्हाला परत देईन. तिनं लगेच मान हलवली.

“वापस देशीन तं मजुरी कायची? मंग पुन्हा फुकटच झालं ना, बाई,” ती म्हणाली. “घ्याची असन तं पुरी घे. नाई तं नोको घेऊ.”

आज हे लिहिताना वाटतं, की त्या जिल्ह्यात मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य ते होतं. नंतर मी पुष्कळ सभांना गेले. देणारे कसे द्यावं ते शिकवतात. घेणाऱ्यानं कसं घ्यावं, पूर्ण आणि उघड, समोरच्याला आपला मालक होऊ देऊन, हे कुणी शिकवत नाही. आम्हा चांगलं काम करणाऱ्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. आम्हाला देणारेच राहायचं असतं. आजोबांच्या समोर अशीच देणारी माणसं उभी असायची, भाकरीचा तुकडा घेऊन, आणि तो तुकडा मजुरी होऊ नये याची काळजी घेऊन.

शेवंताबाईनं थोरल्या मोहाखालची फुलं वेचायला घेतली. कुणी तिला मदत केली नाही, तशी रीत नव्हती. आम्ही सगळे बसून पाहत राहिलो. तिचे हात कोंबडीनं दाणे टिपावेत तसे चालत होते, दोन्ही एकाच वेळी. टोपली भरली तशी तिनं माझी ओढणी जमिनीवर पसरायला लावली आणि तीत फुलं ओतायला सुरुवात केली. मला वाटलं, थोडी टाकून थांबेल. लक्ष्मण लक्ष ठेवून होता, म्हणाला, पुरी पाहिजे. ती थांबली नाही. सोमाजींनी हात वर करेपर्यंत ओतत राहिली. आजचं जवळजवळ सगळंच फूल माझ्या ओढणीत आलं होतं. तिची टोपली उलटी पडली होती. ओढणीचा निळा रंग दिसेनासा झाला.

सोमाजी माझ्याकडे वळले. आता मला बोलायचं होतं, आणि पुटपुटून चालणार नव्हतं.

मजुरी भेटली, मी म्हटलं. पूर्ण भेटली. शेवंताबाईकडून.

कुणी टाळी वाजवली नाही. लक्ष्मणनं आपला फडा खांद्यावर टाकला आणि तो नाल्याच्या दिशेनं निघाला. जाताना एका पोराला घरी जायला सांगितलं, एवढंच. बायांनी आपापल्या टोपल्या उचलल्या. सर दुसरीकडे पाहत होते. मी त्या फुलांच्या गाठोड्यापाशी बसून होते आणि मला वाटत होतं की काहीतरी संपलं.

शेवंताबाई गोलाच्या आत आली. आता ती सरळ आत आली, झाडाखाली मधोमध, आणि कमरेवर हात ठेवून तिनं सगळीकडे नजर फिरवली. वाकड्या मोहाच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या उतारावर, पाला तसाच होता. तिथं पाय घसरतो म्हणून मी तो त्या दिवशी सोडला होता.

“बसून काहून राहिली?” ती मला म्हणाली. आवाज आधीचा नव्हता. कामावरच्या बाईशी बोलतात तसा होता, रोजचा, बिनमायेचा. “तिकडचं तसंच ठेवलं तुनं. सकाळी फुलं कायच्यात पडतीन?”

मी उठले, फडा घेतला आणि उतारावर गेले. माझी फजिती पाहून प्रणय हसत उठला, त्यानंही आपला फडा उचलला आणि तो माझ्या मागे येऊ लागला. तो गोलाच्या कडेपर्यंत पोचला होता, तेवढ्यात शेवंताबाईनं त्याच्यापुढे हात आडवा धरला.

“तू नोको, गा,” ती म्हणाली. “तुई मजुरी ठरली नाई.”